शंभर पुस्तकांची थकबाकी

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त हिशेबनीस आहे. क्रमिक पुस्तके आणि कचेरीतील परिपत्रके यांपलीकडे मी आयुष्यात काही वाचले नव्हते. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ताटकळत बसलो असताना टेबलावर पडलेली एक छोटी विनोदी कादंबरी सहज उघडली. म्हातारपणी वाचनाचा नाद लागलेल्या एका गृहस्थापायी त्याचे सगळे घर कसे हैराण होते, अशी ती गोष्ट होती. माझे नाव पुकारले गेले ते मला ऐकूच आले नाही. त्यानंतर तशाच धाटणीची काही पुस्तके वाचली आणि फार मजा आली. मात्र रात्री मी एकटाच मोठ्याने हसतो म्हणून पत्नी वैतागते, आणि आवडलेला मजकूर वाचून दाखवू लागलो की घरातील माणसे एकेक करून उठून जातात. मुलीने आता ‘मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तके’ अशी एक यादी आणून दिली आहे. त्यातली एक जाडजूड रशियन कादंबरी मी हाती घेतली, परंतु चार महिने झाले तरी नव्वदाव्या पानावरच आहे. नावे लक्षात राहत नाहीत, डोळे दुखतात. सरासरी चारशे पाने धरली तर या गतीने यादी संपायला सुमारे १४८ वर्षे लागतील. फार उशीर झाला का? हलकेफुलके वाचन सोडून द्यावे का? आणि अशी एखादी विनोदी लघुकादंबरी आपणच लिहावी, असे अलीकडे मनात येते, हे वेड तर नव्हे?

उत्तर : आपला हिशेब मी पुन्हा मांडून पाहिला. तो बिनचूक आहे. गफलत झाली आहे ती नोंद कोणत्या खात्यात करायची यात. न वाचलेली शंभर पुस्तके आपण देण्याच्या बाजूला टाकली आणि ती थकबाकी मानून तिचे हप्ते फेडायला बसलात. परंतु हे देणे कोणाचे? ज्या लेखकांनी ती पुस्तके लिहिली त्यांचे नव्हे, आपल्या मुलीचेही नव्हे. तिने यादी प्रेमाने आणली यात मला शंका नाही, मात्र ६७ वर्षांच्या वडिलांच्या हाती असल्या शीर्षकाचा कागद देताना तिने तो एकदा मोठ्याने वाचून पाहायला हवा होता.

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य यादीविषयीचे नाहीच. नाव पुकारले गेले आणि ते ऐकू आले नाही, हे ते वाक्य. आयुष्यभर वाचणाऱ्या अनेकांना असे हरवून जाणे वर्षानुवर्षे लाभत नाही, आणि आपल्याला ते पहिल्याच पुस्तकात, तेही दवाखान्यातल्या खुर्चीवर लाभले. ज्या प्रकारच्या पुस्तकाने ते घडवले, तो प्रकार सोडून द्यावा का, असे आपण विचारता, तेव्हा विनोदी पुस्तक ही पहिली पायरी आणि जाडजूड, गंभीर पुस्तक हा शेवटचा मजला, अशी एक इमारत आपण मनात बांधली आहे असे दिसते. ती इमारत पाडून टाकावी, एवढाच माझ्या सल्ल्याचा गाभा आहे. विनोदी लेखन हा वाचनाचा बालवर्ग नाही. गंभीर कादंबरीत एखादे प्रकरण रटाळ झाले तरी वाचक आदराने पुढे जातो, परंतु विनोदी पुस्तकाला तशी सवलत कोणीच देत नाही. तिथे वाक्यातला एक शब्द मागेपुढे झाला की हसू जाते आणि त्याबरोबर वाचकही जातो.

शिवाय ज्या लघुकादंबरीने आपल्याला पकडले, तिचा आकारही या खेळाला सोयीचा असतो. अमेरिकेतील विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेतर्फे दिल्या जाणाऱ्या नेब्युला पुरस्कारांसाठी १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या दरम्यानची कथा लघुकादंबरी मानली जाते. इतरत्र हे मोजमाप थोडेफार बदलते, पण साधारण कल्पना यावरून यावी. एका माणसाला एक नवा नाद लागतो आणि त्याच्या भोवतालच्यांची घडी विस्कटते, ही कल्पना लहानशा कथेत पुरती फुलत नाही, कारण घडी विस्कटायला आधी ती नीट बसलेली दिसावी लागते. आणि सहाशे पानांत तीच कल्पना ताणली तर विसाव्या फजितीला वाचक स्वतःच वैतागलेल्या कुटुंबीयांच्या पक्षात जाऊन बसतो. मधला आकार हा तिचा नेमका आकार आहे.

आता आपल्या संथ गतीविषयी. आपण तिला दोष समजता, आणि विनोदी गद्याच्या बाबतीत तरी मी तिला गुण समजतो. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो लहान लहान उड्या मारत जातो, आणि प्रत्येक उडीनंतर सरासरी पाव सेकंदाच्या आसपास थबकतो. मजकूर समजतो तो या थबकण्यांत. भरभर वाचणारा माणूस यांतल्या पुष्कळशा थबकण्या वगळतो. त्याला कथानक कळते, पण निवेदक गंभीर चेहऱ्याने वाक्याच्या शेवटी जो चिमटा काढतो तो त्याच्या हातून निसटतो. आपण वाक्य शेवटपर्यंत वाचता, कारण चाळीस वर्षे परिपत्रकातील शेवटची अटच खरी अट असते हे आपण अनुभवले असणार. ज्याने ‘विषय योग्य त्या कार्यवाहीसाठी विचाराधीन आहे’ यासारखी वाक्ये उमेदीच्या काळात रोज वाचली आणि त्यांचा खरा अर्थ ओळखून कामे केली, त्याला उपरोध शिकवावा लागत नाही. माणसे बोलतात एक आणि करतात दुसरे, या अंतरावर बहुतेक सगळे विनोदी लेखन उभे असते, आणि ते अंतर विशीत जेवढे दिसते त्यापेक्षा साठीनंतर कितीतरी स्वच्छ दिसते. तेव्हा उशीर झाला का, या प्रश्नाचे उत्तर असे की, या विशिष्ट पुस्तकांसाठी आपण बरोबर वेळेवर पोहोचला आहात.

हिशेबच करायचा तर असा करू. तीस हजार शब्दांची लघुकादंबरी आहे आणि आपली गती अगदी संथ, म्हणजे मिनिटाला शंभर शब्द आहे, असे धरा. पुस्तक तीनशे मिनिटांत संपते. रोज अर्धा तास दिला तर दहा संध्याकाळी. मधल्या आजारपणाला, पाहुण्यांना आणि न आवडून परत केलेल्या पुस्तकांना सढळ हाताने सूट दिली तरी वर्षाकाठी वीस पुस्तके सहज होतात. अर्थात, हा आकडा एकदा पाहून विसरून जावा, कारण आपल्यासारख्या माणसाच्या हाती तो राहिला तर पुढच्या महिन्यात आपण पुन्हा कोष्टक आखून बसाल, अशी मला साधार भीती वाटते.

त्या रशियन कादंबरीचे काय करावे? ती मिटून ठेवावी, आणि ठेवताना अपराधी वाटून घेऊ नये. नावे लक्षात न राहणे हा आपल्या वयाचा पुरावा नाही. त्या कादंबऱ्यांत एकाच माणसाला एक जण आडनावाने हाक मारतो, दुसरा त्याच्या नावाला वडिलांच्या नावावरून आलेले नाव जोडून आदराने बोलावतो आणि तिसरा भलत्याच लाडक्या नावाने, त्यामुळे तीन माणसे वावरत आहेत असे वाटत असताना खोलीत प्रत्यक्षात एकच जण असतो. विशीतले वाचकही तिथे गोंधळतात. पुढेमागे ती पुन्हा उघडावीशी वाटली तर पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा खूण म्हणून पुस्तकात ठेवा आणि प्रत्येक नवे पात्र आले की त्याची सगळी नावे एका ओळीत आणि पुढे ‘याचा मेहुणा’, ‘हिच्यावर कर्ज’ अशी दोन शब्दांची ओळख लिहीत जा. खतावणी लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. पण पुन्हा सांगतो, उघडावीशी वाटली तरच.

पुढचे पुस्तक निवडायचे कसे, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण यादी बाजूला ठेवली की तो आपोआप उभा राहील. ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांची १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाच सूत्रे आजही प्रमाण मानली जातात. हे गृहस्थ ग्रंथपाल होण्यापूर्वी गणित शिकवत असत, तेव्हा आपल्याला ते परके वाटू नयेत. त्यांचे दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. कोणतीही ‘वाचायलाच हवीत’ छापाची यादी या दोन्ही सूत्रांना बगल देते, कारण ती वाचक कोण आहे हे विचारतच नाही. त्याऐवजी जवळच्या ग्रंथालयात जा आणि तिथल्या माणसाला ‘काहीतरी चांगले द्या’ असे न म्हणता नेमके सांगा : पुस्तक छोटे हवे, सांगणारा स्वतः न हसणारा हवा, नायक वयस्क असला तर उत्तम, आणि शेवटी कोणी सुधारलेले नसावे. एवढ्या तपशिलावर कोणताही जाणकार ग्रंथपाल खूश होतो. पुस्तक हाती आले की उभ्यानेच पहिली दोन पाने आणि मधले कोणतेही एक पान वाचावे. मधले पान मुद्दाम, कारण सुरुवातीला लेखक सजूनधजून आलेला असतो. तिन्ही पानांत ओठ एकदाही हलले नाहीत तर ते पुस्तक दुसऱ्या कोणासाठी ठेवावे. घरी आणल्यावरही ते मध्येच सोडण्याची आपल्याला पूर्ण मुभा आहे, आणि आवडलेले पुन्हा वाचण्याचीही. विनोदी पुस्तक दुसऱ्या वाचनात अधिक हसवते, कारण फजिती येणार हे आधीच माहीत असल्यामुळे ती आणली कशी जाते हे पाहण्यात लक्ष गुंतते.

डोळ्यांची तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नका. चाळिशीनंतर डोळ्यांतील भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसणे अवघड होते, हे आपल्याला ठाऊक असेलच. प्रकाशाची बाजू मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते, आणि साठीच्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश उरतो. छताच्या मध्यावरचा दिवा घरातील सर्वांना पुरत असला तरी वाचताना आपल्याला पुरणार नाही. खांद्याच्या मागून, थोडा बाजूने, थेट पानावर पडेल असा वेगळा दिवा घ्या. दुसरे, आपला चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर वाचण्याचा भाग खाली असतो, आणि पलंगावर आडवे होऊन पुस्तक डोळ्यांसमोर धरले की मान मागे टाकून, हनुवटी वर करून त्या भागातून पाहावे लागते. पंधरा मिनिटांत मान आणि डोळे दोन्ही दुखू लागतात आणि आपण लेखकाला बोल लावतो. केवळ वाचण्यासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. नंबर काढायला जाताना पुस्तक सोबत न्यावे आणि आपण ते जितक्या अंतरावर धरता तितक्याच अंतरावर धरून दाखवावे, म्हणजे नंबर त्या अंतरासाठी निघेल. मोतीबिंदू वगैरे काही नाही ना, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे. आणि ठसठशीत अक्षराची आवृत्ती मिळत असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही. इलेक्ट्रॉनिक वाचकयंत्रावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि जाड पुस्तकाचे वजनही मनगटावर येत नाही.

आता घरच्या मंडळींकडे वळू, कारण या प्रकरणात त्यांची बाजूही काही अगदीच लंगडी नाही.

वाचनाच्या नादाला लागलेल्या माणसाचे घरच्यांनी काय करावे, ही चर्चा निदान चारशे वर्षे जुनी आहे. स्पॅनिश लेखक सेर्व्हान्तेस यांच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून बरीच वर्षे झाली होती. तिचा नायकही पन्नाशीच्या घरातला, वाचनापायी शेतीचे तुकडे विकून पुस्तके घेणारा आणि रात्रीचा दिवस करणारा. शेवटी त्याची भाची, घर सांभाळणारी बाई, गावचा धर्मगुरू आणि न्हावी एकत्र बसून त्याच्या पुस्तकांची झडती घेतात, पुष्कळशी जाळून टाकतात आणि खोलीचे दारच चिणून टाकतात. या पार्श्वभूमीवर, आपल्या कुटुंबीयांनी केवळ उठून जाणे पसंत केले, हा त्यांचा संयम म्हणावा लागेल. त्या प्रसंगात एक बारीक गंमत आहे. पुस्तके जाळायला बसलेल्या धर्मगुरूने आणि न्हाव्याने त्यांतली बरीच स्वतः वाचलेली असतात, आणि आवडलेली काही ते हळूच बाजूला काढून ठेवतात. तेव्हा आपल्या घरातही दाराआड कोण काय वाचते, हे एकदा पाहून घ्यावे.

परंतु माणसे उठून जातात त्याचे कारण त्यांना वाचनाचा तिटकारा आहे, असे मला वाटत नाही. आपण नव्वदाव्या पानावरचे वाक्य वाचून दाखवता. ते वाक्य आपल्याला हसवते, कारण आधीची एकोणनव्वद पाने आपल्या पाठीशी असतात. ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतो तो नुसता शेवट, आणि त्याबरोबर ‘थांबा, आधी काय झाले ते सांगतो’ हे वाक्य, जे ऐकून मीही कदाचित उठलो असतो. त्यातून समोरचा माणूस त्या वेळी आपले काहीतरी काम करत असतो. पुस्तकाच्या आनंदाने भारावलेला माणूस आणि विम्याचा प्रतिनिधी यांना समोरच्याची गैरसोय सारखीच दिसत नाही.

म्हणून तुकडे वाचून दाखवणे आजपासून पूर्ण बंद करा. त्याऐवजी पत्नीला विचारा की संध्याकाळी, त्यांना सोयीच्या वेळी, एखादे पुस्तक पहिल्या पानापासून पंधरा मिनिटे वाचून दाखवलेले चालेल का. पुस्तक त्यांनी निवडावे, त्यांनी थांबा म्हटले की वाक्य अर्धवट असले तरी थांबावे, आणि ‘कळले का?’ असे एकदाही विचारू नये. त्याच संथ गतीने तीस हजार शब्द वीस संध्याकाळी पुरतात. त्यांनी नकार दिला तर तो मुकाट्याने स्वीकारावा. इतकी वर्षे कचेरीतून उशिरा परतणारा नवरा आता दिवसभर घरात आहे आणि पुस्तकात तोंड घालून बसला आहे, ही तक्रार त्यांनी केलेली आपल्या पत्रात नाही, पण ती असेल तर रास्त आहे, आणि रात्रीचे हसू हे तिचे केवळ निमित्त असू शकते. रात्रीच्या वाचनासाठी तूर्त दुसऱ्या खोलीत बसावे. मुलीलाही सांगावे, की यादी जपून ठेवली आहे, पण तिच्या स्वतःच्या आवडीचे, तिला हसवलेले एक पुस्तक आपल्याला हवे आहे. त्या उत्तरातून आपल्याला मुलीविषयी जे कळेल ते शंभर नावांतून कळणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. लघुकादंबरी लिहावी का? हे वेड आहेच, पण निरुपद्रवी आहे, आणि सामग्री तर आपल्या घरात तयारच आहे. तरी लगेच प्रकरणे पाडू नका. आधी एकच प्रसंग लिहा : आजोबा वाचून दाखवू लागतात आणि खोली रिकामी होत जाते. कोण आधी उठले, काय निमित्त सांगून उठले, शेवटी कोण अडकले आणि का, एवढेच. आपला नायक हास्यास्पद आहे हे त्याला स्वतःला कळता कामा नये. ते कळले की तो शहाणा होतो आणि गोष्ट संपते. वाचनामुळे माणूस किती थोर होतो हे सांगण्याचा मोह झाला तर ते वाक्य खोडावे. उलट वाचू लागल्यावर त्याला ज्या गोष्टी नव्याने दिसू लागतात त्या लिहाव्यात. उदाहरणार्थ, पत्नी कंटाळली की चष्मा पुसू लागते, हे त्याला पहिल्यांदाच दिसते आणि तरीही तो वाचत राहतो. त्याला न सांगता वाचकाला सगळे कळले पाहिजे. चांगली वाक्ये शक्यतो पत्नीच्या तोंडी घाला, कारण अशा गोष्टीत वैतागलेल्या माणसाला जी भाषा सुचते ती आनंदी माणसाला सुचत नाही. ती वाक्ये त्यांनी प्रत्यक्षात उच्चारलेली असतील, तर वही दुसऱ्या कोणाला दाखवण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या, आणि त्यांनी एखादे वाक्य बदलून दिले तर बदललेलेच ठेवा.